त्रेचाळीस वस्तू आणि एक स्टूल

“कपाट?” पद्माकाकी मगदूमांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. “कशाला?”

“नाटकाला, काकी. एका दिवसापुरतं. चार वाजताचा प्रयोग, सातला कपाट घरी.”

“अगं, माझ्या लग्नातलं आहे ते. सागवानी. आरसा बेल्जियमचा. माझ्या सासूलासुद्धा मी त्याला हात लावू दिला नाही.”

“म्हणूनच तर. स्टेजवर मधोमध राहील. सगळ्या सांगलीला दिसेल.”

काकींनी एक दाणा तोंडात टाकला. तो चावून होईपर्यंत माझं आयुष्य टांगणीला होतं.

“मधोमध?”

“अगदी मधोमध.”

“ने. पण लॉकरची चावी माझ्यापाशी राहणार. आणि मी बघायला येणार.”

“अहो, पास देते की! दुसऱ्या रांगेतला!”

हे वाक्य मी पुढच्या आठ दिवसांत अजून बत्तीस वेळा उच्चारलं. आज मला मुलं विचारतात, मॅडम, नेपथ्यात यायचं तर सुरुवात कशी करायची, पोर्टफोलिओत काय ठेवायचं? मी त्यांना सांगते, काहीही ठेवा. पण ज्याची वस्तू घेतलीत त्याला पास देऊ नका.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांची होते आणि मला नेपथ्यकार व्हायचं होतं. आमच्या सुयोग कॉलनीत ही बातमी कुणाला कळली की तो माणूस आधी “वा वा” म्हणायचा आणि मग आईला बाजूला घेऊन विचारायचा, “म्हणजे नक्की काय?” करिअर मार्गदर्शन केंद्रात गेले तर तिथल्या साहेबांनी जाड रजिस्टर काढून ‘न’ची सगळी पानं बोटाने तपासली. “नेपथ्य नाही,” म्हणाले. “नर्स आहे. लिहू?”

वाचनालयात नेपथ्यावर एकच पुस्तक होतं आणि ते नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी नेलं होतं. ते नेणारे निघाले विलास कुंभोजकर, बँकेतले कॅशियर आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नट. मी त्यांच्या घरी गेले. पुस्तक टीव्हीच्या टेबलाच्या एका पायाखाली होतं.

“फार उपयोगी पुस्तक आहे,” विलासदादा म्हणाले. “काढलंस तर टीव्ही पडेल.”

शेवटी मी मुंबईच्या केळुसकरांना पत्र लिहिलं. व्यावसायिक रंगभूमीवरचे मोठे नेपथ्यकार. कुठे शिकू, काय वाचू, असं चार पानी पत्र. उत्तर आलं पोस्टकार्डावर:

“चि. हेमांगी, पुस्तकं चांगली आहेत, पण महाग. कोर्स चांगला आहे, पण लांब. तोवर एक सेट उभा कर. डिसेंबरात मी तुमच्या गावच्या हौशी स्पर्धेला परीक्षक म्हणून येतोय. पडदा उघडला की पहिलं एक मिनिट मी फक्त सेट बघतो. त्यानंतर नाटक सुरू होतं, त्याला माझा इलाज नाही. सेट बरा वाटला तर माझ्याकडे ये. मदतनीस हवाच आहे.”

बाबांनी ते कार्ड दोनदा वाचलं. बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढत होते. घरी एक तीन पायांचं उंच स्टूल होतं, त्यावर बसून ते रविवारीसुद्धा रेघा मारायचे. त्या स्टुलावर आईलाही डबा ठेवायची परवानगी नव्हती.

“ठीक आहे,” बाबा म्हणाले. “नेपथ्याचा पहिला नंबर आण. मी स्वतः तुला मुंबईच्या गाडीत बसवतो. नाही आला, तर बी.एड. फॉर्म आणलाय मी. अठरा तारखेला शेवटचा दिवस.”

“प्रयोग सतराला आहे.”

“माहितीये. म्हणून तर म्हटलं. आणि एक. माझ्या घरातला चमचासुद्धा त्या नाटकात न्यायचा नाही.”

विलासदादांनी लिहिलेल्या नाटकाचं नाव ‘अर्धं अंगण माझं’. वडील वारतात, दोन भाऊ घराची वाटणी करतात, एकेका वस्तूवरून भांडतात आणि शेवटी रिकाम्या घरात एकमेकांकडे बघत उभे राहतात. मोठा भाऊ विलासदादा, धाकटा सुहास. आता वाटणी करायची तर घरात वाटण्यासारखं काही पाहिजे! मंडळाच्या गोदामात होत्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक पुठ्ठ्याचा सिंह.

म्हणून मी कॉलनीत निघाले.

पद्माकाकींनी कपाट दिलं ही खबर संध्याकाळपर्यंत पसरली आणि दुसऱ्या दिवशी निवृत्त हेडमास्तर घाटगे सर स्वतःच आमच्या दारात उभे.

“मगदूमांचं कपाट चालतं,” ते म्हणाले, “आणि आमचं घड्याळ चालत नाही?”

“सर, मी येणारच होते—”

“साठ वर्षं एक मिनिट मागे पडलेलं नाही. लिहून घे.”

मग सुभेदार मोहित्यांनी आरामखुर्ची दिली, एका अटीवर: बसायचं, पण मागे रेलायचं नाही. शहांच्या सुनेने चांदीची समई दिली. कुणी पितळी बंब आणला, कुणी हरणाचं शिंग, कुणी सासऱ्यांचा फोटो. “नाटकात वारलेले वडील आहेत ना? आमचे लावा. खरेच वारलेले आहेत.” नको म्हणायची सोय नव्हती. ज्यांच्याकडे गेले नाही ते रस्त्यात मला बघून तोंड फिरवायला लागले. पाटलांच्या आजी तर आईला म्हणाल्या, “आमच्याकडचं लोणच्याच्या बरणीएवढंसुद्धा काही तुमच्या हेमाला पसंत नाही, असू दे.” मी पळत जाऊन बरणी आणली.

एकूण तेहतीस घरांतल्या त्रेचाळीस वस्तू. प्रत्येकीखाली मी चिकटपट्टी लावून मालकाचं नाव लिहिलं. प्रत्येक मालकाला पास दिला. नाटक कशावर आहे ते मात्र कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सतरा तारखेला सकाळी टेम्पो भरला तेव्हा पोस्टमन काकींना विचारून गेला, नवा पत्ता काय?

सेट लावायला पाऊण तास मिळाला. भिंती मी स्वतः रंगवल्या होत्या, दाराची चौकट स्वतः ठोकली होती. सगळं जागच्या जागी बसलं. फक्त टेलिफोन ठेवायला काही नव्हतं. विलासदादा ओरडत होते, “पहिल्या अंकात फोन येतो, हेमा! जमिनीवरून उचलू काय?” माझं घर दोन गल्ल्यांवर. बाबा ऑफिसात. मी सायकल काढली.

ते स्टूल मी आणलं. चव्वेचाळिसावी वस्तू. तिच्याखाली चिकटपट्टी लावली नाही. लिहिणार काय?

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला.

आणि टाळ्या! नाटकातल्या एकाही पात्राने तोंड उघडलेलं नसताना पूर्ण एक मिनिट टाळ्या. विंगेतून मला पहिल्या रांगेतले केळुसकर दिसत होते. पांढरी दाढी, मांडीवर वही. त्यांनी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली आणि काहीतरी लिहिलं. माझे पाय जमिनीवर नव्हते. नंबर! मुंबई!

टाळ्या दुसऱ्या रांगेपासून सहाव्या रांगेपर्यंत होत्या आणि प्रत्येक जण वेगळीकडे बोट दाखवत होता, हे मला जरा उशिरा लक्षात आलं.

“ते बघा आपलं शिंग!”

“अय्या, मामंजी! किती छान लागलेत!”

विलासदादांना वाटलं टाळ्या त्यांच्यासाठी आहेत. त्यांनी आरामखुर्चीत बसून नमस्कार केला आणि मागे रेलले.

“पुढं!” तिसऱ्या रांगेतून सुभेदार गरजले. “पुढं सरका!”

विलासदादा कॅशियर होते, पण त्या आवाजापुढे सैनिक झाले. पूर्ण अंक ते ताठ बसून बोलले. वडिलांच्या आठवणीने गहिवरून मागे कोसळायचं होतं, तिथे ते पुढे कोसळले. मधल्या काळात माझं दार आपोआप उघडत होतं. सुहास ते लावायचा, म्हणायचा, “वारा फार सुटलाय,” आणि वळला की दार पुन्हा कुरकुरत उघडायचं. चौथ्या वेळी प्रेक्षकांतूनच कुणीतरी सांगितलं, “वारा सुटलाय!” तरीही अंक पार पडला. फोन वाजला, विलासदादांनी स्टुलावरून उचलला. तेवढ्यात मी शेवटच्या रांगेत बाबांना पाहिलं. ऑफिसातून थेट आले होते. मांडीवर ब्रीफकेस, ब्रीफकेसवर फॉर्म, हातात पेन्सिल.

फॉर्म भरतायत, मला वाटलं. इथेच बसून.

मग दुसरा अंक सुरू झाला. वाटणीचा.

“हे घड्याळ,” सुहास तावातावाने म्हणाला, “माझं!”

“अरे वा!” विलासदादांचं पुढचं वाक्य होतं, “लहानपणापासून चावी मी देतोय!” पण ते वाक्य त्यांना मिळालंच नाही.

“चावी मी देतो!” घाटगे सर उभे राहिले होते. “रोज! सकाळी सात वाजता!”

प्रेक्षक हसले. सुहास गुणी मुलगा. त्याने पाठ केलेलं पुढे रेटलं. “दादा, घड्याळ तू घे. मला समई दे. आईची आठवण आहे.”

“कुणाच्या आईची?” शहांची सून म्हणाली.

“बरणी तरी?” सुहास काकुळतीला आला. हे वाक्य संहितेत नव्हतं.

“बरणीला हात लावशील तर बघ!” पाटलांच्या आजी.

मी विंगेतून हातवारे करत होते, बसा, बसा! पण ज्यांची वस्तू अजून वाटली गेली नव्हती तेसुद्धा आता खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. आणि पुढचा प्रसंग मला ठाऊक होता. धाकटा भाऊ संतापून वडिलांच्या कपाटाला लाथ मारतो. तालमीत कपाट नव्हतं. सुहास हवेत लाथ मारायचा. फार प्रभावी मारायचा.

त्याने पाय उचलला.

“पाय खाली घे आधी!”

पद्माकाकी दुसऱ्या रांगेतून निघाल्या. केळुसकरांच्या गुडघ्यांना धक्का देत, बाजूच्या पायऱ्यांनी, पदर खोचत थेट स्टेजवर. सुहास एका पायावर तसाच थिजला.

“खाली म्हणते ना!”

त्याने पाय खाली घेतला. विलासदादांनी विंगेत माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या माणसाने वीस वर्षांच्या हौशी कारकिर्दीतलं एकमेव थोर काम केलं.

“आत्या!” ते ओरडले. “आत्या, तू कधी आलीस?”

“आत्ताच,” काकी म्हणाल्या. “आले म्हणून बरं. लाथ मारतो मेला! बाप गेला म्हणून असं वागायचं?”

“आत्या, हाच भांडतोय,” विलासदादा म्हणाले.

“तू बोलू नकोस. तू मघाशी रेललास त्या खुर्चीत, मी बघितलं.” काकींनी पदराने आरसा पुसला आणि दोघांकडे वळल्या. “कशावरून भांडताय रे? घड्याळ घाटग्यांचं. समई शहांची. तो भिंतीवरचा म्हातारासुद्धा तुमचा नाही. यातलं तुमचं काय आहे?”

दोघा भावांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांचं खरोखरच काही नव्हतं.

“काही नाही, आत्या,” सुहास म्हणाला आणि, मी शपथेवर सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर तो म्हणाला, पाय मुरगळला होता.

“मग ज्याचं त्याला देऊन टाका!”

एवढं म्हणायचा अवकाश. दुसरी ते सहावी रांग उठली. मला वाटलं आता धुमाकूळ, पण नाही, अगदी शिस्तीत. सुभेदार पायऱ्यांपाशी उभे राहून एकेकाला वर सोडत होते. “डावीकडनं चढा, उजवीकडनं उतरा!” लोक वस्तू उलटी करून चिकटपट्टी वाचत होते. “हे तुमचं, शहा.” “हा बंब कुणाचा?” “संभाळून, झाकण सैल आहे!” सासऱ्यांचा फोटो निघाला, शिंग निघालं. घाटगे सरांनी घड्याळ काढलं, मनगटावरच्याशी जुळवून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. कपाटाला सहा जण लागले. काकी पुढे चालत होत्या, हातात लॉकरची चावी. टेलिफोनवालेसुद्धा येऊन टेलिफोन घेऊन गेले, वायर गुंडाळत.

मी विंगेत खाली बसले. माझा सेट माझ्या डोळ्यांदेखत घरी चालला होता.

शेवटी उरल्या तीन रंगवलेल्या भिंती, आपोआप उघडणारं दार आणि मधोमध एक तीन पायांचं स्टूल.

सुभेदारांनी ते उचलून उलटं केलं. “याच्यावर नाव नाही. कुणाचं आहे?”

लोक आपापल्या सामानाखालची नावं पुन्हा बघायला लागले.

“स्टूल कुणाचं आहे? शेवटचं विचारतो!”

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. बाबा ताठ बसले होते. सुभेदारांच्या हातात, तीनशे लोकांसमोर, त्यांचं स्टूल. आईला डबा ठेवू न देणारं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि गप्प राहिले.

सुभेदारांनी स्टूल खाली ठेवलं, सलाम ठोकला आणि उतरले. रिकाम्या स्टेजवर दोघे भाऊ उरले. संहितेतही शेवटी हेच होतं. फक्त तिथे विलासदादांनी कंसात लिहिलं होतं, ‘प्रकाशयोजनेने घर रिकामं झाल्याचा भास निर्माण करावा.’

विलासदादा स्टुलापाशी आले. “तू बस,” ते सुहासला म्हणाले.

“नको, दादा. तू बस.”

दोघेही उभे राहिले. दार कुरकुरत उघडलं. या वेळी कुणी ते लावायला गेलं नाही. पडदा पडला.

टाळ्या फार झाल्या नाहीत. दुसऱ्या ते सहाव्या रांगेतली माणसं वाजवणार कशी? सगळ्यांच्या हातात सामान होतं.

केळुसकर आत आले तेव्हा मी झाडू मारत होते. ते मधोमध उभे राहिले आणि त्यांनी सावकाश मान फिरवली, डावीकडून उजवीकडे.

“सेट कुठाय?”

“लोक घेऊन गेले, सर.”

“नियम बारा. प्रयोग संपेपर्यंत नेपथ्य रंगमंचावर असलं पाहिजे.” त्यांनी वही मिटली. “तुला नंबर देता येणार नाही. पहिलाही नाही, उत्तेजनार्थही नाही. जे घरी गेलं त्याला गुण कसे देऊ?”

“हो, सर.”

“ते सगळं लोकांनी दिलं? मागितलंस म्हणून?”

“काहींनी न मागताच दिलं.”

ते दाढीतल्या दाढीत हसायला लागले आणि थांबेचनात. शेवटी डोळे पुसले. “तीस वर्षं मी भाड्याचे सोफे लावतोय स्टेजवर. एकदाही कुणी उठून ओरडलं नाही, माझा आहे म्हणून. जानेवारीत ये. येताना त्या आत्याबाईंना नमस्कार सांग. माझा गुडघा अजून दुखतोय.”

ते गेले. मी झाडू तसाच हातात धरून उभी. मदतनीस म्हणून बोलावलं होतं. पण नंबर नव्हता आणि करार नंबराचा होता.

बाबा पायऱ्या चढून वर आले. हातात बी.एड.चा फॉर्म. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. थेट दारापाशी गेले, चौकटीवर अंगठा टेकवून बघितला, वाकून खाली बघितलं.

“डावा खांब पाव इंच आखूड आहे,” म्हणाले. “म्हणून उघडतं. गुण्या लावून काटकोन बघितला नव्हतास?”

“गुण्या मिळाला नाही.”

“घरात माझा आहे.”

“घरातला चमचासुद्धा न्यायचा नाही म्हणाला होतात.”

बाबांनी घसा खाकरला आणि फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो उलटा केला. मागच्या कोऱ्या पानावर माझा अख्खा सेट होता. पेन्सिलीने, मापासकट. कपाट, घड्याळ, शिंग, समई, सगळं जागच्या जागी. दाराची चौकट वेगळी मोठी करून काढली होती, तीन बाणांसकट. पुढच्या बाजूला, नाव, पत्ता, शैक्षणिक पात्रता या सगळ्यावरून पेन्सिलीच्या दाबाचे वळ उमटले होते आणि ‘अर्जदाराची सही’ याच्या बरोबर वर एक हिशेब: कपाट सहा इंच मागे हवं.

“हा आता भरता येणार नाही,” बाबा म्हणाले. “खराब झाला.”

“दुसरा मिळेल की. उद्या दुपारपर्यंत मिळतात.”

“उद्या मला सुट्टी नाही,” बाबा म्हणाले. “चल. स्टूल उचल.”

मी स्टूल उचललं. पायऱ्या उतरताना राहवलं नाही. “बाबा, मघाशी मोहित्यांनी दोनदा विचारलं. बोलला का नाहीत?”

बाबा ब्रीफकेस बंद करत होते. तिचं कुलूप नेहमीसारखं अडकलं होतं.

“बोललो असतो,” ते म्हणाले, “तर त्या दोघांना काही उरलंच नसतं.”